अडथळ्याची भूमिका

आमच्या कॉलेजात सिनेमा हा विषय शिकवणाऱ्या सरांना सगळे ‘शेवटसर’ म्हणतात. तोंडावर नाही, तोंडावर नुसतंच ‘सर’. पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणालाही विचारा, शेवटसर म्हटल्यावर बोट त्यांच्याच टेबलाकडे जाईल. त्या टेबलाच्या अर्ध्या भागावर मी बसते. मी अर्थशास्त्र शिकवते, म्हणजे जे होऊन गेलं ते होणारच होतं असं मागाहून सांगते. सर आधीच सांगतात. आमचं बरं जमतं.

हे नाव पडलं ते एका दुपारच्या खेळाला. प्राचार्यांनी सगळ्या स्टाफला नवा खुनाचा सिनेमा दाखवायला नेलं होतं. पडद्यावर एक मोठं घर, लांबलचक जेवणाचं टेबल आणि भोवती बसलेला नातेवाइकांचा गोतावळा. अजून कोणी मेलंही नव्हतं. सर शेजारच्या ग्रंथपालबाईंना हळूच म्हणाले, “मरणार तो जाडा. मारणार ती धाकटी बहीण, सगळ्यांना वाढतेय ती.” हळूच म्हणाले खरे, पण मास्तरांचं हळूच शेवटच्या बाकापर्यंत जातं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. जाडा मेला तेव्हा पुन्हा पाहिलं. बहिणीला पकडल्यावर दिवे लागले तेव्हा ते उठून सरांजवळ आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, “माझं तिकीट तुम्ही काढायला हवं होतं.”

सरांची बायको त्याआधीच शहाणी झालेली होती. ती फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे मोकळे करते. सिनेमाला दोघं जातात, पण ती त्यांच्यापासून चार रांगा लांब बसते. “संसार टिकवायचा तर थोडं अंतर ठेवावं लागतं,” असं तिचं म्हणणं.

यात सरांची फुशारकी नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. ते म्हणत, हे ज्योतिष नाही, व्याकरण आहे. एकदा मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसले होते. त्यांनी एक लहानसा तुकडा दाखवला. आवाज बंद. एक बाई लांब बोळातून चालत येते, एका दारापाशी थांबते, दार उघडते. संपलं. मग तोच तुकडा त्यांनी तीनदा दाखवला, दर वेळी वेगळं संगीत लावून. पहिल्यांदा एकच सूर, खाली खाली जाणारा. सगळा वर्ग खुर्चीत मागे सरकला. दुसऱ्यांदा टुणटुणतं, नाचरं काहीतरी. पोरं दारामागे कोण लपलंय या कल्पनेनेच हसायला लागली. तिसऱ्यांदा व्हायोलिन, आणि दारामागे कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे हे न सांगता सगळ्यांना कळलं.

“बाई तीच, दार तेच,” सर म्हणाले. “बदललात तुम्ही. सिनेमाचा प्रकार पडद्यावर नसतो, पडदा आणि प्रेक्षक यांच्यात झालेल्या करारात असतो. प्रेक्षक म्हणतो, मला पाहिजे तेच दे, पण पूर्वी कधी दिलं नव्हतंस असं दे. सासू सुनेकडून जेवण मागते तसं.”

मग त्यांनी सिनेमा कसा सोलायचा ते सांगितलं. आधी वस्तू बघा: छत्री आहे की सुरी, पत्र आहे की पिस्तूल. मग जागा. मग माणसं कोणत्या साच्यातली आहेत. मग घटना कोणत्या क्रमाने येतात. आणि सगळ्यात शेवटी, साचा कुठे मोडलाय ते बघा, कारण दिग्दर्शकाला जे खरं म्हणायचं असतं ते तो तिथेच म्हणतो. पोरं भराभर लिहून घेत होती. मला मात्र वाटलं, या माणसाने एवढ्या जिवाच्या आकांताने हे का शिकून घेतलं असेल.

ते पुढे त्यांच्या आईकडून कळलं. सर लहान असताना त्यांचे वडील गेले. सकाळी कामाला गेले आणि संध्याकाळी ते वारल्याची बातमीच आली. ना आजार, ना काही खूण. आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. रविवारी तिची ड्यूटी असे आणि शेजारीपाजारी भरवशाचं कोणी नव्हतं. तेव्हा ती पोराला हॉस्पिटलसमोरच्या थिएटरात बसवायची आणि डोअरकीपरला सांगायची, लक्ष ठेवा. तिथे जे लागलं असेल ते पोर बघायचं. भुतं, मारामाऱ्या, रडारड, चुंबनं, सगळं. पोर भित्रं होतं. म्हणून ते आत जाण्याआधी बाहेरच्या पोस्टरपुढे उभं राहून अंदाज बांधायला शिकलं: अक्षरं ओघळलेली असतील तर डोळे झाकायची तयारी ठेवायची, नायक-नायिका पाठीला पाठ लावून उभे असतील तर काळजी नाही, शेवटी गोडच होणार. लोक ज्याला सरांचा व्यासंग म्हणतात तो असा सुरू झाला.

आई स्वतः सिनेमात झोपते. खुर्ची मऊ आणि अंधार, आणखी काय पाहिजे, असं म्हणते.

तर ही आई निवृत्तीनंतर एकटी राहत होती, मुलाच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, सातव्या मजल्यावर. एका दुपारी ती भाजी घेऊन वर जात असताना लिफ्ट मधेच अडली. इमारतीचा नेहमीचा माणूस सुटीवर होता. त्याने आपल्या जुन्या उस्तादांना पाठवलं. हे निवृत्त लिफ्ट मेकॅनिक, विधुर, अंगाने काटक, कामाचे हातमोजे घातल्याशिवाय कशालाही हात न लावणारे. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत ते फटीतून आईशी बोलत राहिले, ती घाबरू नये म्हणून. आई घाबरली नव्हतीच. तिने फटीतूनच विचारलं, “तुमच्या हातमोज्यांना ग्रीसचे डाग पडलेत ते धुता कशाने?” त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, “चूक धुता.”

दुसऱ्या आठवड्यात हातमोजे धुऊन देण्याच्या निमित्ताने चहा झाला. मग चहाच्या निमित्ताने नळ दुरुस्त झाला. मग निमित्त लागेनासं झालं.

आता हेच कथानक कोणी पडद्यावर दाखवलं असतं तर सरांनी पोस्टर बघूनच सांगितलं असतं. पण हे घरात घडत होतं. ते सकाळी स्टाफरूममध्ये आले, पिशवी टेबलावर आपटली आणि मला म्हणाले, “मॅडम, आईच्या घरी एक माणूस येतो.”

“बरं झालं की,” मी म्हटलं. “कोण?”

“तेच तर माहीत नाही. योगायोगाने येतो, गरजेपेक्षा जास्त मदत करतो, पूर्वायुष्याबद्दल फार बोलत नाही. हातमोजे घालतो. हे सगळं कशाचं लक्षण आहे?”

“मेकॅनिकचं.”

“थ्रिलरचं,” सर म्हणाले. “एकटी बाई, तिच्या नावावरचा फ्लॅट आणि एक भला माणूस. पहिल्या अर्ध्या तासात जो सगळ्यात भला असतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची.”

आणि त्यांनी खरोखरच नजर ठेवली. सिनेमात पाठलाग कसा करतात यावर त्यांनी तास घेतलेले होते, पण स्वतः कोणाचा पाठलाग केला नव्हता. टोपी घालून, हातात वर्तमानपत्र घेऊन ते मेकॅनिककाकांच्या मागे बाजारभर हिंडले. उन्हाळ्यात कोट घातला नाही एवढीच मेहरबानी. काका एका कॅफेत गेले. तिथे एक चाळिशीची, नीटनेटकी बाई त्यांची वाट बघत होती. काकांनी तिला एक पाकीट दिलं. बाईने ते न उघडता पर्समध्ये टाकलं. काका लगेच निघून गेले.

साथीदार, सर मनाशी म्हणाले. वर्तमानपत्र त्यांनी आणखी वर धरलं.

बाई उठली, सरळ त्यांच्या टेबलापाशी आली आणि समोरची खुर्ची ओढून बसली.

“तुम्ही त्या बाईंचे चिरंजीव ना? मघापासून बाबांच्या मागे आहात. पेपर कालचा आहे तुमचा.”

सरांनी पेपरवरची तारीख बघितली.

“मी त्यांची मुलगी. दातांची डॉक्टर आहे. मीही गेल्या आठवड्यात तुमच्या आईच्या मागे त्यांच्या जुन्या लाँड्रीपर्यंत गेले होते, तेव्हा लाजू नका. मला फक्त एक सांगा,” ती पुढे वाकली, “तुमच्या आईला माझ्या बाबांकडून नेमकं काय हवंय?”

सर मला म्हणाले, त्या क्षणी त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की कॉफी सांडली. त्यांची आई? जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, तिच्यावर संशय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “माझे बाबाही काही बँक लुटत नव्हते.” पाकिटात काकांच्या दातांचे एक्स-रे होते.

मग मात्र दोघांचं फारच जमलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथे दोन चांदणी एकत्र आली. दोघांनी ठरवलं की म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवून काय ते एकदाचं उघडकीला आणायचं. रविवारी दुपारी सरांच्या घरी जेवण ठरलं.

त्या जेवणाची हकिकत मला सरांच्या बायकोने सांगितली. तिच्या म्हणण्याप्रमाणे इतकी मजा तिला कुठल्याच सिनेमात आली नव्हती, आणि शिवाय शेवट सांगायला कोणी शेजारी नव्हतं. सूप संपायच्या आत सरांनी काकांना त्यांच्या जुन्या नोकऱ्या विचारल्या, भाड्याचं घर आहे की स्वतःचं ते विचारलं, पहिली बायको कशाने गेली तेही विचारलं. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली, एकेका वाक्यात. दुसरीकडे डॉक्टरीणबाई आईला विचारत होत्या, पेन्शन किती, दागिने आहेत का. आणि आई हसली की तिचे दात निरखत होत्या.

शेवटी आईने चमचा खाली ठेवला.

“झालं का तुमचं? आता आमचं ऐका. आम्ही लग्न करतोय. नोंदणीच्या कचेरीत तारीख घेतली आहे. साक्षीदार लागतात. आम्हाला वाटलं, बाहेरची माणसं कशाला शोधायची, घरचीच आहेत दोन.”

काका म्हणाले, “सही काळ्या शाईने करायची असते.” बस, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते सुतकी चेहऱ्याने. “मी सही करणार नाही,” म्हणाले. मी म्हटलं, “नका करू, पण कारण काय सांगाल?” ते म्हणाले, कारण मी शास्त्रशुद्ध काढतो. आणि त्यांनी जे केलं त्याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

त्या दिवशी त्यांनी वर्गात फळ्यावर एक कथानक लिहिलं. नावं नाहीत, नातं नाही. एक विधवा स्त्री, निवृत्त. एक मेकॅनिक, विधुर. लिफ्ट बंद पडते. धुवायला दिलेले हातमोजे. चहा. स्त्रीचा मुलगा संशय घेतो, पाठलाग करतो. मेकॅनिकची मुलगीही पाठलाग करते. दोघं कॅफेत भेटतात. मग जेवणाचा प्रसंग. “प्रकार ओळखा,” सर म्हणाले, “आणि पुरावे द्या. वस्तू, जागा, पात्रं, क्रम.” त्यांच्या हिशोबाने निदान निम्मा वर्ग तरी थ्रिलर म्हणणार होता. वर्गाचा कौल घेऊन ते आईकडे जाणार होते.

वर्गाला विचारदेखील करावा लागला नाही.

“रोमँटिक कॉमेडी, सर.”

“घाई करू नका. हातमोजे बघा.”

“हातमोजे धुवायला दिले ना सर. थ्रिलरमध्ये हातमोजे जाळतात.”

“पाठलाग आहे.”

“दोघं एकमेकांच्या आईबापांचा पाठलाग करतात आणि कॅफेत भेटतात. सर, यात हसू येत नाही असा प्रेक्षक शोधावा लागेल.”

“ठीक आहे,” सर म्हणाले. “मग मुलाचं काय? त्याला आईची काळजी आहे. तो या गोष्टीचा नायक असू शकतो की नाही?”

पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी कधी बोलत नाही, पेन तोंडात धरून विचार करत होती. ती म्हणाली, “नाही सर. मुलगा अडथळा आहे. प्रत्येक प्रेमकथेत एक लागतो. पूर्वी बाप असायचा, इथे वय उलटं केलंय म्हणून मुलगा आहे. ते नवीन आहे, ते मला आवडलं.”

“पण त्याची काही बाजू असेल.”

“अडथळ्याला बाजू नसते सर. त्याला फक्त काम असतं. एकतर तो शेवटी सुधारतो, नाहीतर पाण्यात पडतो.”

वर्ग हसला. सरही हसले असावेत, कारण तास पूर्ण केला त्यांनी. मग येऊन माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत-सोडत राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “बरोबर आहेत पोरं. मीच शिकवलंय. पात्राला आपण कोणत्या सिनेमात आहोत हे कधीच कळत नाही, नाहीतर भयपटात कोणी तळघरात उतरलंच नसतं. पण मला कळायला हवं होतं हो. माझा विषय आहे तो.”

“आता काय करणार?”

“पोहायला येत नाही मला,” सर म्हणाले. “सुधारतो.”

नोंदणीच्या कचेरीत दोघांनी सह्या केल्या. डॉक्टरीणबाईंची सही अधिकाऱ्याला वाचता आली नाही, त्याने पुन्हा करायला लावली. आईने साधी निळी साडी नेसली होती आणि काकांच्या शर्टाला इतकी कडक इस्त्री होती की त्यांना मान वळवता येत नव्हती. बाहेर आल्यावर सगळ्यांनी आइस्क्रीम खाल्लं. सरांनी ते सांगताना मला म्हटलं, “इथे नावं वर सरकायला लागतात. दिवे लागतात. लोक चपला शोधतात.”

पण नावं सरकली नाहीत. आई काकांच्या पहिल्या मजल्यावरच्या घरी राहायला गेली. काका मुद्दाम पहिला मजला घेऊन राहिले होते. लिफ्टच्या आत काय असतं हे ज्याला माहीत आहे तो जिना चढतो, असं ते सांगत. काही महिने बरे गेले आणि मग दोघांचं खिडकीवरून वाजलं. आईला वाफेत काम करून करून वाऱ्याची ओढ. काकांचं उलट, त्यांचं आयुष्य लिफ्टच्या विहिरीतल्या गार झोतात गेलेलं. एका सकाळी आई बॅग घेऊन मुलाकडे आली.

सर मनातून खूश झाले असावेत. “शेवटच्या अंकाआधीची ताटातूट,” त्यांनी मला समजावलं. “असायलाच लागते. आता त्यांना चूक कळेल, ते धावत येतील. बहुतेक भिजलेले असतील.”

काका धावत आले नाहीत. त्यांनी फोन करून विचारलं, डबे उघडायचं ओपनर कुठे ठेवलंय. आईने सांगितलं, दुसऱ्या खणात, मागच्या बाजूला. त्यांनी पुन्हा फोन केला, नाही सापडत. आईने पुन्हा सांगितलं. तिसऱ्या फोननंतर ती बॅग उचलून परत गेली, म्हणाली, “हा माणूस उपाशी मरेल.” खिडकीचा निकाल काही लागला नाही. सरांनी या प्रसंगाला त्यांच्या चौकटीत बसवायचा पुष्कळ प्रयत्न केला. माफी नव्हती, मिठी नव्हती, साक्षात्कार तर नव्हताच.

सुधारणा म्हणाल तर सरांच्यात एवढीच झाली की ते रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. आई टीव्हीसमोर झोपायची आणि हे दोघं सिनेमा बघायचे. काकांना ताण अजिबात सोसत नाही. “मी दोर कधी तुटेल याची वाट बघत जन्म काढला,” ते म्हणायचे. “आधी सांगून टाका शेवटी कोण राहतं. मग मी नीट बघतो.” सर सांगायचे. काका मान डोलवायचे आणि निवांत पाय पसरून बघायला लागायचे. बायको म्हणते, नवऱ्याचा चेहरा इतका उजळलेला तिने लग्नातही पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी काकांच्या छातीत दुखलं. भर दुपारी हॉस्पिटलात नेलं. नेमकं तेच हॉस्पिटल, जिथे आईने नोकरी केली होती. मी भेटायला गेले तेव्हा सर बोळातल्या बाकावर ताठ बसले होते. डॉक्टरीणबाई खिडकीपाशी नखं खात उभ्या होत्या. आई कुठे दिसेना.

“बोळ,” सर मला म्हणाले, अगदी खालच्या आवाजात. “शेवटी दार. मी वर्गात किती वेळा दाखवलाय हा प्रसंग.” मग थांबून म्हणाले, “संगीत नसलं ना मॅडम, की काहीच कळत नाही.”

मला त्यांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. ठेवला.

दार उघडून एक तरुण डॉक्टर बाहेर आला. सर उभे राहिले. त्यांचा चेहरा आधीच तयार झाला होता. आयुष्यभर पडद्यावर बघितलेला तो चेहरा, वाईट बातमी धीराने घेणाऱ्या मुलाचा. डॉक्टर म्हणाला, “जेवण जास्त झालं होतं. तिखट खाऊ देऊ नका. उद्या घेऊन जा.” आणि पुढच्या दारात शिरला.

सर उभेच होते. चेहरा कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. मग ते बाकावर बसले आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून त्यांच्यापुढे धरली.

आई आली ती खालून, लाँड्रीतून. जुन्या मैत्रिणींना भेटून. काकांच्या पलंगावरची चादर नीट धुतलेली नाही, हे ती खाली सांगून आली होती.

दुसऱ्या दिवशी सर त्यांना घरी घेऊन गेले. गाडीत मागे आई आणि काका, पुढे सर आणि डॉक्टरीणबाई. वाटेत आईने विचारलं, “काल एवढा पांढरा का पडला होतास रे?”

“पुढे काय होणार ते कळत नव्हतं, आई.”

“मग? मला कधी कळलंय?” आई म्हणाली.

मागून काकांनी सांगितलं की त्यांच्या बाजूची काच कोणीतरी जरा वर करा, वारा लागतोय. आईने तिच्या बाजूची खाली केली. डॉक्टरीणबाई आणि सर, दोघंही सरळ रस्त्याकडे बघत राहिले.